पळत्या कोंबडीचा निळा रंग

रविवार, १६ मार्च

झेनी, तुझं पार्सल मिळालं. आत दैनंदिनी निघाली. निळी, कातडी बांधणीची, रेशमी फीत लावलेली. पहिल्या पानावर तू काहीतरी लिहिलंयस, ते पोस्टातल्या बाईनं वाचून दाखवलं : "आजी, मनात येईल ते रोज यात लिहीत जा." तुझ्या प्रगतिपुस्तकावर मी फुली मारायची आणि तिच्याशेजारी तूच माझं नाव घालायचीस. सात वर्षांची होतीस. आता ग्रीसला, थेसालोनिकीला जाऊन इतकी शिकलीस, की आजीला अक्षर येत नाही हेच विसरून गेलीस. मला म्हातारीला म्हणता विसराळू.

वही वाया जाणार नाही. तिच्या पानांत मी टोमॅटोचं बी वाळत घातलंय. बोलेन मी तुझ्या आजोबांच्या त्या बोटभर यंत्रात. बटण दाबलं की ते ऐकतं, मध्ये बोलत नाही आणि ऐकून झाल्यावर "बरं, मग?" असंही विचारत नाही. हा त्याचा गुण की खोड, ते अजून ठरलेलं नाही. तू ऐक आणि उतरवून घे. जिथे मी "हे लिहू नकोस" म्हणेन तिथे लिहू नकोस.

आजोबांना जाऊन परवा दोन महिने झाले. संत्र्यांची बाग विकली, ते तुझ्या बापानं तुला सांगितलंच असेल. ३१ मेला ताबा द्यायचा. मग मी ॲडलेडला, तुझ्या बापाच्या, लेफ्तेरिसच्या घरामागच्या खोलीत. खोली चांगली आहे. तिला खिडकी आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते.

आता मुख्य गोष्ट. खुराड्यात तेवीस जिवंत कोंबड्या असताना या माणसानं सगळं म्हातारपण आकाशातल्या एका कोंबडीमागे घालवलं. क्रूस नक्षत्राच्या चार ठळक ताऱ्यांशेजारी एक तेजोमेघ आहे, त्याला इकडचे लोक पळती कोंबडी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तिथे काही म्हणता काही दिसत नाही. टेकाडावर सिमेंटचा खांब, खांबावर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, आणि एकेक फोटो पाच-पाच मिनिटांचा. तसे शहाण्णव. ते सगळे एकावर एक घातले की धूर दिसावा तसं काहीतरी दिसतं. तेही एका रंगाचं. तांबड्या काचेची गाळणी लावून शहाण्णव, शेंदरी लावून शहाण्णव, निळी लावून शहाण्णव, मग कुठे कोंबडी. तांबडं आणि शेंदरी आजोबा करून गेले. निळं राहिलं. निळा उजेड सगळ्यात अशक्त, त्याला अस्सल अंधार लागतो, असं ते म्हणायचे. चांगल्या अंधाराच्या दोन वर्षांत निळी गाळणी डबीतून बाहेरसुद्धा काढली नाही. कामाचा माणूस होता, पण शेवटी आळस शिरला.

हे चित्र त्यांनी तुला कबूल केलं होतं, कारण तुझ्या तिथून ही कोंबडी दिसत नाही, मध्ये पृथ्वीचं पोट येतं. ॲडलेडलाही दिसणार नाही, तिथे रात्रीसुद्धा दिवस असतो. म्हणजे व्हायचं ते याच खांबावरून, ताबा द्यायच्या आत. मी करणार आहे. तुझ्या बापाला सांगू नकोस, तो मला डॉक्टरकडे नेईल.


गुरुवार, २७ मार्च

आज चंद्र नाही. पहिल्यांदा टेकाडावर चढले.

आजोबांची स्मरणशक्ती शेवटच्या वर्षात किती गेली होती ते मला आज कळलं. बिचाऱ्यानं प्रत्येक वस्तूला लोकर बांधून ठेवलीय. मोठ्या झाकणाला काळी, जाळीच्या झाकणाला पांढरी, निळ्या गाळणीच्या डबीला निळी. संगणकाच्या कळांवर रंगीत टिकल्या. अक्षरं वाचता येणारा माणूस, आणि लहान पोरासारख्या टिकल्या. वर या यंत्रात त्यांनी सगळी कृती बोलून ठेवलीय, क्रमानं, सावकाश. बटण दाबलं आणि ते एकदम माझ्या कानाशी बोलायला लागले. मी यंत्र खाली टाकलं. हे लिहू नकोस.

"आधी काळी लोकर. झाकण काढायचं, खुर्चीवर ठेवायचं, जमिनीवर नाही. मग पांढरी लोकर, जाळी लावायची. निळी टिकली एकदा दाबायची. पडद्यावर ताऱ्याला तीन काट्या फुटतील. मधली काटी बरोबर मध्ये येईपर्यंत चाक फिरवायचं. मध्ये आली की नजर बसली. मग जाळी काढायची. उजवीकडे पायाखाली दगड आहे. गुडघा दुखला तर बसून घ्यायचं. शाल घ्यायची."

ज्या माणसाचे गुडघे ऐंशीव्या वर्षीही शिडी चढत होते, ज्यानं जन्मात खांद्यावर शाल घेतली नाही, तो स्वतःला शाल घे म्हणून सांगतोय. म्हातारपण फार वाईट.

तीन तास खटपट केली. चाक इकडे फिरवलं तर काटी तिकडे जाते. एकही फोटो झाला नाही. दगडाला मात्र अडखळले नाही.


रविवार, ३० मार्च

पहिले चौदा.

एक फोटो झाला की संगणक तो तुझ्याकडे धाडतो आणि मी एक हरभरा बरणीत टाकते. शहाण्णव मोजून वाडग्यात काढून ठेवलेत, ते सगळे बरणीत गेले की काम संपलं. तुमच्या कागदापेक्षा हे बरं, वाऱ्यानं उडत नाही.

पण चौदा होईपर्यंत मर्वशी भांडावं लागलं. मर्व शुल्झ, कुंपणापलीकडचा बदामवाला, बायको कोरल गेल्यापासून एकटा, तुला लहानपणी ट्रॅक्टरवर बसवायचा तो. त्याच्या गोठ्यावरचा मोठा दिवा रात्रभर जळतो आणि बरोबर माझ्या कोंबडीच्या पायाशी उजेड पाडतो. मी कुंपणाशी जाऊन हाक मारली.

"मर्व, तो दिवा बंद कर."

"का? चोर येतील."

"तुझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे? तो कुत्रा?"

"कुत्रा चांगला आहे, मॅटी." चाळीस वर्षं झाली तरी त्याच्या जिभेला स्टमाटिया म्हणवत नाही. "दिवा कोरल असल्यापासून जळतोय. बंद केला तर मला झोप येत नाही."

"मग जागा राहा. मी जागी आहेच की."

त्यानं दिवा बंद केला आणि अर्ध्या तासानं घडीची खुर्ची घेऊन टेकाडावर हजर. अंधारात घरात बसवत नाही म्हणाला. बसला. दोन फोटोंच्या मध्ये एकदा तुझ्या आजोबांबद्दल म्हणाला, "ॲरिस इतकी वर्षं इथे एकटा बसायचा, मी कधी आलो नाही." मी म्हटलं, "त्यानं बोलावलं नसेल." तो म्हणाला, "रोज बोलवायचा."


मंगळवार, ८ एप्रिल

चंद्र वाढतोय. काम बंद. कोंबड्यांना दाणे घातले, जेवले, कपडे धुतले. दुखवट्याचे काळे कपडे धुवायला सोपे, डाग दिसत नाही.

दुपारी कुणाचा फोन नाही. चुकीचा नंबरसुद्धा नाही.


रविवार, २० एप्रिल, पाश्काचा, ईस्टरचा दिवस

ख्रिस्त उठला, पोरी. आता मी सांगते ते नीट उतरव, एकही शब्द गाळू नकोस.

काल शनिवारी आकाश धुतल्यासारखं होतं. चंद्र पावणेअकरापर्यंत उगवणार नव्हता. म्हणजे सातपासून चव्वेचाळीस फोटो. पण रात्री बाराचं पुनरुत्थानाचं चर्च, तेही दोन तासांच्या वाटेवर. साठ वर्षांत मी ते चुकवलेलं नाही, आणि या वर्षी तर आजोबांसाठी मेणबत्ती लावायची होती. मर्व न्यायला येणार होता, आणि तो सातलाच आला, कारण त्याच्यासारख्या लुथरन पंथवाल्यांना घड्याळ जन्मतःच दिलेलं असतं. खालून भोंगा वाजवत होता. मी काट्या मध्ये आणल्या, टिकली दाबली, शाल घेतली आणि धावत उतरले. चव्वेचाळीस झाले की थांब, एवढं त्यानंच संगणकात आदल्या दिवशी घालून दिलं होतं.

चर्चमध्ये बारा वाजता सगळे दिवे मालवले. अंधारात आम्ही सगळे काळे कपडेवाले उभे. मग आतून एक ज्योत आली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. माझ्या उजव्या हाताला दरवर्षी आजोबा असतात, त्यांच्या मेणबत्तीवरून मी माझी लावते. काल उजव्या हाताला मर्व होता, मेणबत्ती उलटी धरून. मी सरळ करून दिली.

ज्योत कंदिलात घालून घरी आणली. दाराच्या चौकटीवर काजळीचा क्रूस काढला. दरवर्षी तो आजोबा काढतात, माझा हात पोहोचत नाही. मर्वनं खुर्ची धरली. मग म्हटलं, खांबालाही एक काढू. कंदील घेऊन वर गेलो. खांबाशेजारच्या, संगणकाच्या पत्र्याच्या खोलीत शिरले आणि पडद्याकडे बघितलं.

झेनी, प्रत्येक ताऱ्यावर क्रूस होता.

एकावर नाही, दोनावर नाही. लहान, मोठ्या, सगळ्या ताऱ्यांवर. लखलखीत, आणि प्रत्येकाच्या मधून आणखी एक किरण सरळ गेलेला. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस फोटोंत. मी गुडघ्यावर बसले. ज्या गुडघ्यावर मला बसता येत नाही त्याच्यावर.

मर्व मागून म्हणाला, "मॅटी, हे असंच असतं का?"

मी म्हटलं, "गप्प राहा."

त्या माणसानं, तुझ्या आजोबांनी, आयुष्यभर मला काही पाठवलं नाही. फूल नाही, चिठ्ठी नाही. चिठ्ठी पाठवून उपयोगही नव्हता म्हणा. वाचता आलं नसतं. हे मला वाचता आलं.

चव्वेचाळीस हरभरे बरणीत टाकले. अठ्ठावन्न झाले.

सकाळी मर्वबरोबर लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडली, आमच्यात ज्याचं शाबूत राहतं तो जिंकतो. त्याचं अंडं फुटलं नाही. नवशिक्यांचं असंच असतं.


सोमवार, २१ एप्रिल

तुझा फोन आला तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलले नाही. "आजी, जाळीचं झाकण काढलं होतंस का?" असं तू किती हळू विचारलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

नव्हतं काढलं. ते क्रूस म्हणजे जाळीनं फोडलेल्या काट्याच. आज दिवसाउजेडी वर जाऊन बघितलं. पांढरी लोकर दुर्बिणीच्या तोंडावर लोंबत होती. यंत्रात आजोबा सांगतायत, "मग जाळी काढायची," आणि खाली मर्वचा भोंगा वाजतोय, आणि मी टिकली दाबून पळाले.

दुर्बीणवाल्यांपैकी ज्यानं ही चूक केली नाही असा कुणी नाही, असं तू म्हणालीस. आजोबांनीही पहिल्या वर्षी तीन रात्री घालवल्या होत्या, तुला पत्रात लिहिलं होतं म्हणालीस. मला नाही सांगितलं त्यांनी. "आज ढग होते," म्हणाले असतील.

चव्वेचाळीस हरभरे बरणीतून परत काढले. आत चौदा. काढलेले भिजत घातले, वाडग्यात तितकेच नवे मोजून टाकले.

एक विचारायचं राहिलं. ते फोटो तू पुसून टाकलेस का? टाकू नकोस. चित्रासाठी नाहीत. असेच असू देत.


सोमवार, २८ एप्रिल

चार रात्री ढग. काल रात्री सत्तावीस. एकूण एक्केचाळीस. जाळी दर वेळी काढून माझ्या मांडीवर घेऊन बसते, म्हणजे प्रश्नच नको.

काल मर्व आला नाही, त्याच्या पाठीला उसण भरलीय. दिवा मात्र बंद होता. मी एकटी बसले. थंडी होती. दुर्बीण तिच्या तंद्रीत हळूहळू वळत असते, कानाला घरघर येते, झोपलेल्या माणसासारखी. बरी वाटते.

एकोणीस वर्षांची होते तेव्हा जहाजावर रोज रात्री वर जायची, ध्रुवतारा बघायला. बकऱ्या राखताना तोच एक माझ्या ओळखीचा होता. जहाज खाली येत गेलं तसा तो रोज पाण्याकडे सरकला, आणि एके रात्री पाण्यात गेला. बाकीच्या मुली नाचत होत्या. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं काय, एक तारा बुडाला? इथे आल्यावर आकाशाकडे बघणंच सोडून दिलं. तुझ्या आजोबांनी दुर्बीण आणली तेव्हा मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, माझं तिथे कुणी नाही.

सत्तावीस वर्षं ते वर बसले आणि मी खाली. रात्री स्वयंपाकघराचा दिवा मालवायची, त्यांना त्रास नको म्हणून. तेवढाच माझा हातभार. अंधार करायचा आणि झोपायचं.

हे लिही की नको, तू ठरव.


रविवार, ११ मे

चंद्र भरत आलाय. तुझा बाप आला होता, आज मातृदिन, आणि सामानाची खोकीही भरायची होती. शेवंतीची फुलं आणली. चाळीस वर्षं सांगतेय, आमच्यात शेवंती थडग्यावर ठेवतात. आता मी ती खरंच आजोबांच्या थडग्यावर नेऊन ठेवली, तेव्हा म्हणाला, "आई, तुझ्यासाठी होती." म्हटलं, "मी पोहोचवली आहेत, त्यांना सांग पाठवणारा कोण ते."

दुर्बिणीचं त्याला कळलं. मर्वच्या पोटात काही राहत नाही. मला वाटलं रागावेल. तो म्हणाला, "दाखव कसं करतेस."

वर गेलो. चंद्र होता, काम होणार नव्हतं, नुसतं दाखवायला. मी यंत्र लावलं. आजोबा बोलायला लागले. काळी लोकर, पांढरी लोकर, उजवीकडे दगड, गुडघा दुखला तर बसून घ्यायचं, शाल घ्यायची.

लेफ्तेरिस म्हणाला, "बाबांचे गुडघे कधी दुखत होते?"

"नव्हते दुखत."

"मग हे कोणाला सांगतायत?"

"स्वतःला. विसरायला लागले होते ना. बघ, टिकल्यासुद्धा लावल्यात. कळांवरची अक्षरं ओळखत नव्हते."

"आई, डिसेंबरपर्यंत ते रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते."

"सवयीनं सुटत असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग यंत्र पुन्हा पहिल्यापासून लावलं. शाल घ्यायची, इथपर्यंत ऐकलं आणि बाहेर गेला. खांबाला हात टेकून बराच वेळ उभा होता. आत आला तेव्हा डोळे लाल. गवताचं वावडं आहे त्याला, लहानपणापासून. पण मे महिन्यात कधी त्रास होत नसे.

जाताना म्हणाला, "निळी गाळणी बाबांनी उघडलीच नव्हती?"

"आळस," म्हटलं.

"आई, शहाण्णव पूर्ण कर. सामान मी बघतो." एवढं म्हणून खोकी न भरताच निघून गेला. आता भरणार कोण?


शुक्रवार, २३ मे

तीस. एकूण एकाहत्तर. पंचवीस उरले.

वाडग्याचा तळ दिसायला लागला. मर्व म्हणाला, "एक चांगली रात्र मिळाली की झालं, मॅटी." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "खूश दिसत नाहीस." मी म्हटलं, "खूश कशी दिसते ते तुला कधी कळलंय?"

घरी आल्यावर झोप लागली नाही. ऊब होती, पोट भरलेलं होतं, गुडघा गप्प होता. तरी नाही लागली.


गुरुवार, २९ मे

परवा ताबा. उद्या दुर्बीण उतरवायची, म्हणजे आज शेवटची संधी. दुपारपासून आकाश साफ होतं. कोवळी चंद्रकोर लवकर बुडाली. सगळं पहिल्या झटक्यात जमलं, काटी मध्ये, जाळी मांडीवर, टिकली. मर्व थर्मासमध्ये डब्यातलं सूप घेऊन आला होता. नदीकडून एक घुबड बोलत होतं. एकेक हरभरा पडत गेला.

वीस पडले. एक्क्याण्णव. वाडग्यात पाच. पाच म्हणजे पंचवीस मिनिटं.

मी उठले, काळी लोकर शोधली आणि झाकण लावलं.

मर्व म्हणाला, "काय झालं?"

"धुकं आलं."

"कुठे?"

"नदीवरून. येतंच ते मे महिन्यात."

त्यानं मान वर केली, खाली केली. "मॅटी, वर आकाश काचेसारखं आहे. मला इथून क्रूसाचा बारीक पाचवा ताराही दिसतोय."

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"तो काढला मार्चमध्ये. तूच सूप पाठवलं होतंस."

त्यानं थर्मासचं झाकण भरून मला दिलं. मग म्हणाला, "कोरलच्या शिलाई मशिनीत एक पडदा अजून तसाच आहे. सुई खाली केलेली. नऊ वर्षं झाली."

मी विचारलं, "त्याचा काय संबंध?"

"काही नाही," म्हणाला.

धुकं होतं, झेनी. आकाशात नसेल. पण होतं.


शनिवार, ३१ मे

सकाळी लेफ्तेरिस ट्रक घेऊन आला. नवे लोक भले आहेत, तरुण आहेत. बाईनं विचारलं, टेकाडावरचा खांब कशाचा, पाडावा का. मी म्हटलं, तुमचं घर, तुमची टेकडी. लेफ्तेरिसनं तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं.

दुर्बीण ॲडलेडला नेऊन काय करायची. ती मर्वच्या शेडमध्ये गेली, गव्हावर घालतात त्या ताडपत्रीखाली. कोंबड्याही त्याच्याकडेच. त्याला एकही कोंबडी नावानं ओळखता येत नाही. सगळ्यांना मिळून "बायांनो" म्हणतो. त्या येतातही.

ट्रकमध्ये चढताना त्यानं हात पुढे केला. इतक्या वर्षांत आम्ही कधी हात मिळवले नव्हते, तेव्हा चुकीचे हात पुढे आले, त्याचा उजवा, माझा डावा. तसेच धरले.

"आज दिवा लावशील ना?" मी विचारलं.

"बघू," म्हणाला. "आता सवय झालीय."


रविवार, ८ जून, ॲडलेड

खोली गरम आहे. सून चांगली आहे, जेवायला काय करू विचारते, मग तेच करते जे करायचं असतं. रात्री मी मागच्या अंगणात उभी राहते. अकरा तारे मोजले. एक विमान निघालं, म्हणजे दहा.

आज तुझा फोन आला तो शब्द न शब्द माझ्या लक्षात आहे, तरी सांगते, म्हणजे तू उतरवताना बदलणार नाहीस.

तू म्हणालीस, "आजी, तीनही रंग एकत्र केले. बाबांच्या फोनवर पाठवलंय. बघितलंस?"

बघितलं. तांबडी मान, शेंदरी पाठ, आणि पोटाखाली निळं. निळं फार थोडं आहे, पण आहे. पळतेय खरी. मान पुढे काढून, कुणीतरी मागे लागल्यासारखी. तुझ्या बापानं मला ते मोठं करून दाखवलं आणि म्हणाला, "हे निळं तुझं, आई." मी म्हटलं, माझं कसलं, आकाशाचं.

मग तू म्हणालीस, "त्या शेवटच्या रात्रीचे वीसच्या वीस फोटो स्वच्छ आहेत. शेवटचा तर सगळ्यात स्वच्छ. त्यात धुकं कुठेच नाही."

मी म्हटलं, "मग ते धुकं फोटोत येत नसेल."

मग म्हणालीस, "आजी, एक्क्याण्णव पुरतात. पाचनं काही फरक पडत नाही, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. चित्र पूर्ण झालंय."

तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल. पण तुझ्या आजोबांनी यंत्रात शहाण्णव सांगितलंय, आणि मी त्यांचं ऐकायचं आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलंय, तेव्हा मध्ये पडू नकोस. शहाण्णव म्हणजे शहाण्णव. चित्र अजून व्हायचंय. ते भिंतीवर लावू नकोस, मैत्रिणींना दाखवू नकोस, आजोबांचं शेवटचं चित्र असं कुणाला म्हणू नकोस. ते अजून काम करतायत त्याच्यावर.

कोंबडी हिवाळ्यात खाली उतरत जाते आणि फेब्रुवारीत पुन्हा वेळेवर वर येते. मर्वशी बोलले. त्याच्या शेडमागे तो नवा खांब घालतोय, जुन्यापेक्षा वीतभर बुटका, माझा हात पोहोचावा म्हणून. बसनं चार तास. लेफ्तेरिस म्हणाला, मी सोडतो. म्हटलं, बघू. त्या वेळी ढग असतील, चंद्र असेल, काहीतरी असेलच. या फेब्रुवारीत नाही जमलं तर पुढल्या. मला घाई नाही.

फक्त रात्री टेकाडावर बसायचं तर पोटात काहीतरी गरम लागतं, आणि मर्वचं डब्यातलं सूप मी पुन्हा पिणार नाही. आजोबांच्या गावी त्यांची पुतणी वासिलो अजून घरी त्रहाना करते, गहू भरडून उन्हात वाळवलेला. तिच्याकडून घेऊन पाठव. दुधात आंबवलेला नको, तो विमानतळावर काढून घेतात. उपासाचा, टोमॅटोत मळलेला, तिखट घातलेला पाठव. दोन किलो, जाड दळलेला, कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये घालू नकोस, त्याला कुबट वास लागतो.